नकाशावरील रेषा आणि गटाची हद्द : पर्यावरणीय भूवापर नियोजनासाठी नकाशा-प्रणालीचा वापर

सह्याद्रीच्या डोंगराळ तालुक्यांत काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "साहेब, आमचा गट संवेदनशील क्षेत्रात येतो का?" प्रश्न एका वाक्याचा असला तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. शेततळ्याचा प्रस्ताव, काजू प्रक्रिया उद्योगासाठीचे कर्ज, बांधावरील झाडांची तोड, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी असे निर्णय त्याभोवती अडून राहतात. उत्तर चुकीचे गेले, तर शेतकरी एक तर नसलेल्या बंदीला घाबरून विकासाची संधी सोडतो किंवा असलेल्या बंदीकडे दुर्लक्ष करून खर्च झाल्यानंतर नोटिशीला सामोरा जातो.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, आता मोठ्या संस्थांपुरती मर्यादित राहिलेली नाही. क्यूजीआयएस ही मुक्त स्रोत प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून साध्या संगणकावरही चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करणे व वापरणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाले. साधन हाती आले आहे. ते कोणत्या प्रश्नाला किती खात्रीने उत्तर देऊ शकते, हे समजून घेणे हा या पाठाचा उद्देश आहे.

१. प्रमाण समजल्याशिवाय नकाशा वाचू नये

पश्चिम घाटाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. समितीने संपूर्ण घाट सुमारे ९ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता ठरवली. असा एक चौकोन ८१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे ८,१०० हेक्टरचा होतो. त्यानंतर डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यासाठी भारतीय उपग्रहाची २४ मीटर विभेदनाची प्रतिमा वापरण्यात आली. याचा अर्थ प्रतिमेतील सर्वांत लहान ठिपका जमिनीवर २४ मीटर लांब व २४ मीटर रुंद, म्हणजे ५७६ चौरस मीटर होता.

हे आकडे सातबाराच्या भाषेत आणले की अधिक स्पष्ट होतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून २४ मीटरचा एक ठिपका पावणेसहा आर क्षेत्र व्यापतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या प्रतिमेतील एक ठिपका मात्र नेमका १ आर असतो. आता ४० आर क्षेत्राचा चौरस गट घ्या. त्याची बाजू सुमारे ६३ मीटर होईल. ठिपक्यांच्या रेषा बांधांना समांतर असल्या, तरी २४ मीटरच्या प्रतिमेत पूर्णपणे या गटाच्या आत बसणारे ठिपके एक, दोन किंवा फार तर चार मिळतील. उरलेले सर्व ठिपके बांधावर पडतील. त्यांत निम्मे शेत आणि निम्मे शेजारचे जंगल किंवा पडीक रान मिसळलेले असेल. अशा प्रतिमेवरून संपूर्ण घाटाचे चित्र उत्तम उमटते. परंतु त्याच प्रतिमेवरून एका गटाचा निवाडा करणे शास्त्रीय ठरत नाही.

कागदी नकाशालाही हाच नियम लागू होतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्ष जमिनीवर २५ मीटर रुंदीची होते. १ : ५,००० प्रमाणाच्या नकाशावर तीच रेषा अडीच मीटरची असते. संगणकाच्या पडद्यावर नकाशा कितीही मोठा करून पाहिला, तरी मूळ रेषेची अचूकता वाढत नाही. ही गोष्ट नवीन वापरकर्ते हमखास विसरतात.

२. गाव यादीत असणे आणि गट वनात असणे

कार्यगटाने संवेदनशील क्षेत्र निश्चित करताना गाव हे एकक मानले. ज्या गावाच्या क्षेत्रापैकी २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील ठरला, ते गाव यादीत आले. त्या आधारे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१४ मध्ये पहिली प्रारूप अधिसूचना काढली. पुढे मसुद्याची मुदत संपत गेली आणि तो पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होत राहिला. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा हा सहावा होता. सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्राचा त्यात समावेश असून महाराष्ट्रातील क्षेत्र सुमारे १७,३४० आणि गोव्यातील १,४६१ चौरस किलोमीटर आहे. प्रारूप अधिसूचना आणि अंतिम अधिसूचना यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. त्यामुळे सल्ला देण्याच्या दिवशी कोणती अधिसूचना लागू आहे, हे राजपत्रावरून तपासणे आवश्यक आहे.

आता ८०० हेक्टरचे एक गाव कल्पनेत आणू. त्यातील १६० हेक्टर क्षेत्र नैसर्गिक वनाच्छादनाचे असेल, तर २० टक्क्यांची अट पूर्ण होते आणि संपूर्ण गाव यादीत येते. उरलेले ६४० हेक्टर भातखाचरे, नाचणीची वरकस जमीन, आंबा-काजूच्या बागा आणि गावठाण असले, तरी गावाचे नाव यादीत दिसते. शेजारच्या तेवढ्याच गावात १५२ हेक्टर वन असेल, तर प्रमाण १९ टक्के होऊन ते गाव यादीबाहेर राहते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला : गाव यादीत आहे, म्हणून प्रत्येक गट वन ठरत नाही. मसुद्यातील बंदीच्या यादीत खाणकाम, दगडखाणी व वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, 'लाल' वर्गातील नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे आणि ५० हेक्टर व त्याहून मोठ्या नगरवसाहती आहेत. त्या यादीत शेती किंवा फळबाग लागवड नाही. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे : गाव यादीत नाही, म्हणून सर्व मोकळीक मिळत नाही. दुसऱ्या गावातील १५२ हेक्टर वनाला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागूच राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानंतर 'वन' या शब्दाचा अर्थ केवळ राखीव वनापुरता मर्यादित राहिलेला नाही. म्हणून एकच यादी पाहून उत्तर देऊ नये. एकाच गटावर किती नियमांच्या रेषा पडतात, हे पाहावे. असे अनेक थर एकत्र पाहण्याचे काम नकाशा-प्रणाली उत्तम करते.

३. कामाचे सहा टप्पे

पहिला टप्पा, प्रश्न लिहून काढणे. "गट कुठे आहे?" असा मोघम प्रश्न नको. "या गटात २० आर क्षेत्रावर शेततळे घ्यावयाचे आहे, गटाचा कोणता भाग वनहद्द, ओढा आणि सार्वजनिक विहीर यांपासून किती अंतरावर आहे?" असा प्रश्न असावा. कोणते थर लागतील, हे त्यावरूनच ठरते.

दुसरा टप्पा, थर गोळा करणे. गावाचा गटनकाशा भूमी अभिलेख विभागाकडून किंवा राज्याच्या भूनकाशा संकेतस्थळावरून मिळतो. स्थलवर्णनात्मक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाकडून, तर उपग्रह प्रतिमा आणि उंचीची माहिती इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरून घेता येते. अधिसूचित क्षेत्राची सीमा नेहमी अधिसूचनेच्या परिशिष्टावरून घ्यावी; समाजमाध्यमांवर फिरणारी नकाशाची प्रत ग्राह्य धरू नये. प्रत्येक थरासोबत त्याचा स्रोत, तारीख आणि प्रमाण यांची नोंद ठेवावी.

तिसरा टप्पा, निर्देशांक पद्धती जुळवणे. सर्वाधिक चुका येथे होतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीगोलमानावर आधारित आहेत, तर मोबाइल व जीपीएस यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ हे मान वापरतात. हा फरक लक्षात न घेता दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्यास आपल्याकडे रेषा शंभर मीटरच्या आसपास सरकू शकतात. ४० आरचा गट ६३ मीटर रुंद आहे, हे आठवावे; म्हणजे एवढ्या चुकीने संपूर्ण गट वनहद्दीच्या आत किंवा बाहेर जाऊ शकतो. अंतर व क्षेत्रफळ मोजण्यासाठी यूटीएम पद्धती वापरावी. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांदरम्यानचा प्रदेश ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा बहुतांश भाग, गोवा, बेळगाव, बडोदा आणि इंदूर त्यात मोडतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ४४ उत्तर पट्ट्यात येतात. क्यूजीआयएसमध्ये यांचे क्रमांक अनुक्रमे ईपीएसजी ३२६४३ आणि ३२६४४ असे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातून ७८ अंशांची रेषा जाते. तेथे पट्टा पाहूनच निवडावा.

चौथा टप्पा, गटनकाशा जमिनीवर बसवणे. स्कॅन केलेल्या नकाशावरील ठळक खुणा आणि त्यांचे प्रत्यक्ष निर्देशांक यांची जोडी लावावी लागते. किमान सहा ते आठ खुणा घ्याव्यात आणि त्या गावाच्या चारही बाजूंना पसरलेल्या असाव्यात. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुना पूल, देवळाचा चौथरा या विश्वासार्ह खुणा आहेत. ओढ्याचे वळण, झाड आणि बांध काळानुसार सरकतात. त्यांवर भिस्त ठेवू नये. प्रणाली शेवटी सरासरी चूक दाखवते. तो आकडा लिहून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे आहे.

पाचवा टप्पा, पट्टा आखणे आणि छेद घेणे. 'बफर' या सुविधेने ओढा, वनहद्द किंवा विहीर यांभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखता येतो. 'इंटरसेक्शन' या सुविधेने त्या पट्ट्यात गटाचे किती आर क्षेत्र येते, ते मिळते. पट्ट्याची रुंदी मनाने ठरवू नये. ती लागू नियमातूनच यावी.

सहावा टप्पा, शिवारफेरी. संगणकावर आलेले उत्तर शेतकऱ्याला बरोबर घेऊन जमिनीवर पडताळावे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे स्थान साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते. दाट झाडीत आणि खोल दरीत चूक वाढते. कोणता ओढा बारमाही, कोणती वहाळ केवळ पावसाळी, कोणते रान पाच वर्षे पडीक आणि कोणते मुळातच जंगल, हे उपग्रहापेक्षा गावातील वडीलधारी माणसे अधिक नेमके सांगतात.

४. अनिश्चितता लपवू नये, मोजावी

समजा, गटनकाशा बसवताना सरासरी चूक ८ मीटर आली. १ : ५०,००० नकाशावरून घेतलेल्या वनहद्दीची चूक २५ मीटर आणि मोबाइलची ५ मीटर धरली. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे : ६४ + ६२५ + २५ = ७१४; वर्गमूळ सुमारे २७ मीटर. सावधगिरी म्हणून याची दुप्पट, म्हणजे सुमारे ५५ मीटर, हा रेषेच्या दोन्ही बाजूंचा संदिग्ध पट्टा मानावा.

आता गटाचे उत्तर तीन प्रकारे देता येते. रेषेपासून ५५ मीटरपेक्षा अधिक आत असेल तर "आत", तितकाच बाहेर असेल तर "बाहेर" आणि त्यादरम्यान असेल तर "संदिग्ध, मोजणी आवश्यक". तिसरे उत्तर देण्यात कमीपणा नाही. उलट, संदिग्ध गटाला खात्रीचे उत्तर दिल्याने शेतकऱ्याचे नुकसान होते. वरील हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते : मोबाइलऐवजी महागडे जीपीएस यंत्र आणून ५ मीटरची चूक शून्यावर आणली, तरी एकूण चूक २६ मीटरच्या खाली फारशी जात नाही. कारण मोठा वाटा जुन्या नकाशावरील वनहद्दीचा आहे. खर्च करायचाच असेल, तर तो अधिक मोठ्या प्रमाणाचा वनहद्द नकाशा मिळवण्यावर करावा.

५. नियमपालनाबरोबर नियोजनही

हेच थर वापरून जमिनीचा योग्य उपयोगही ठरवता येतो. भूमी उपयोगक्षमता वर्गीकरणात जमिनीचे आठ वर्ग केले जातात. पहिले चार वर्ग मशागतीस योग्य, तर पुढील चार कुरण, वनीकरण व वन्यजीवनासाठी राखण्यायोग्य मानले जातात. या वर्गीकरणात उतार हा प्रमुख घटक असून उंचीच्या माहितीवरून उताराचा नकाशा काही मिनिटांत तयार होतो.

येथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. क्यूजीआयएस उतार अंशांत देते, तर मृदसंधारणाचे निकष टक्क्यांत असतात. ४५ अंश म्हणजे १०० टक्के आणि १० टक्के म्हणजे जेमतेम ५.७ अंश. दुसरे असे की, उंचीचा थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आणि उंची मीटरमध्ये असेल, तर बहुतेक सर्व गाव ९० अंशांच्या कड्यासारखे दिसते. असे चित्र आल्यास थर प्रथम यूटीएममध्ये रूपांतरित करावा.

सर्वसाधारण शिफारशींनुसार कमी पावसाच्या प्रदेशात ६ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर समपातळी बांध आणि सुमारे १६ ते ३३ टक्के उतारावर, माती पुरेशी खोल असल्यास, पायऱ्यांची मजगी सुचवली जाते. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणाऱ्या ढाळीच्या बांधांचा विचार करावा लागतो. उंचीची विनामूल्य माहिती बहुधा ३० मीटर विभेदनाची असते. एक ठिपका ९ आरचा. ती पाणलोटाचे नियोजन करण्यास पुरेशी असली, तरी एका शेतातील बांधाची जागा ठरवण्यास पुरत नाही. त्यासाठी शेतात समपातळी मोजणीच हवी.

६. गटावर पडणाऱ्या काही महत्त्वाच्या रेषा

अधिसूचित संवेदनशील क्षेत्रे : डहाणू तालुका (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) यांच्या अधिसूचना अंतिम असून प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांभोवतीच्या पट्ट्यांची रुंदी ठिकाणानुसार बदलते.

किनारा नियमन क्षेत्र : २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरचा विकासनिषिद्ध पट्टा असतो. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक असल्यास ५० मीटर, अन्यथा २०० मीटर. भरतीरेषा आपण स्वतः आखू नये. ती मंजूर व्यवस्थापन आराखड्यातूनच घ्यावी.

पाणथळ जागा : २०१७ च्या नियमांतून भातशेती, नद्यांचे प्रवाहमार्ग तसेच सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. उपग्रह प्रतिमेत भाताचे खाचर पावसाळ्यात पाणथळीसारखेच दिसते. म्हणून केवळ ऑगस्टची प्रतिमा पाहून निष्कर्ष काढू नये, मार्च-एप्रिलचीही पाहावी.

भूजल : महाराष्ट्राच्या १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटर अंतराची अट घातली होती. २००९ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली आहे. त्यामुळे विहीर घेण्यापूर्वी सध्याची तरतूद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जाणून घ्यावी. नकाशावर पेयजल विहिरीभोवतीचे वर्तुळ आखताना पाणलोटाची हद्दही दाखवावी, म्हणजे ग्रामसभेला चर्चा करणे सोपे जाते.

निर्यात : नियमांच्या रेषा आता देशाबाहेरूनही येतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वनतोडविरोधी नियमाखाली कॉफी, रबर, कोको, सोयाबीन यांसारख्या मालाच्या उत्पादन भूखंडाचे निर्देशांक द्यावे लागणार आहेत. ३१ डिसेंबर २०२० नंतर वनतोड झालेल्या जमिनीवरील माल त्यात स्वीकारला जाणार नाही. ४ हेक्टरपर्यंतच्या भूखंडासाठी एक बिंदू पुरतो. त्याहून मोठ्यासाठी संपूर्ण सीमा द्यावी लागते. कोडगू, चिकमगळूर आणि वायनाडमधील कॉफी उत्पादकांना याचा थेट संबंध आहे. आंबा व काजू सध्या या यादीत नाहीत. निर्देशांक दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत मागितले जातात. सहावे स्थळ जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर दाखवते. मोबाइलची चूक पाच मीटर असताना सहा अंक लिहिल्याने अचूकता वाढत नाही, एवढे भान ठेवावे.

७. शेतकऱ्याला काय द्यावे

कामाच्या शेवटी शेतकऱ्याच्या हाती एक पानाचा नकाशा द्यावा. त्यावर गट क्रमांक, प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, प्रत्येक थराचा स्रोत व तारीख, संदिग्ध पट्टा आणि पुढील संबंधित कार्यालय यांचा उल्लेख असावा. तळाशी स्पष्ट लिहावे : "हा नकाशा नियोजनासाठी आहे, मालकी वा हद्द निश्चित करण्यासाठी नाही." हद्दीचा प्रश्न भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने आणि वनाचा प्रश्न वन विभागाच्या अभिलेखाने सुटतो. तरीही हा एक पानाचा नकाशा निरुपयोगी नाही. नेमका कोणता प्रश्न, कोणत्या कार्यालयात, कोणत्या कागदानिशी विचारायचा, हे शेतकऱ्याला त्यावरून कळते आणि त्याचे हेलपाटे वाचतात. ग्रामपंचायतीलाही आक्षेप वा सूचना नोंदवताना "आमचे गाव वगळा" एवढेच न म्हणता, कोणते गट कोणत्या कारणाने वेगळे आहेत, हे पुराव्यासह मांडता येते. त्याचप्रमाणे, जे रान खरोखर राखण्याजोगे आहे, तेही त्याच नकाशावर उठून दिसते.

स्वाध्याय

१. आपल्या गावाचे एकूण क्षेत्र आणि वनाच्छादित क्षेत्र शोधून टक्केवारी काढा. ती २० टक्क्यांच्या किती जवळ आहे?

२. ६० आर क्षेत्राच्या गटात ३० मीटर, २४ मीटर आणि १० मीटर विभेदनाच्या प्रतिमेतील अंदाजे किती ठिपके येतील?

३. गटनकाशा बसवताना चूक १२ मीटर, वनहद्दीची चूक १० मीटर आणि मोबाइलची ५ मीटर असल्यास संदिग्ध पट्टा किती रुंद होईल? येथे कोणती चूक कमी करणे सर्वाधिक लाभाचे ठरेल?

४. आपल्या शिवारातील एका ओढ्याचा मार्ग जुन्या गटनकाशावर आणि ताज्या उपग्रह प्रतिमेवर ताडून पाहा. तो सरकलेला आढळल्यास त्याच्या काठच्या दोन गटांच्या नियोजनावर काय परिणाम होईल, याची गटचर्चा करा.